भज्यांच्या जागी वडी

आषाढाचा पाऊस लागला की मला भजी आठवत. बाहेर सरी, आत कढईचा चुर्र आवाज. याहून मोठे सुख नाही, असे वाटे. शाळेतून निवृत्त झालो. चालणे कमी झाले, पण भजी काही कमी झाली नाहीत.

माझ्या थोरल्या भावालाही तीच आवड. रोज पापड, लोणचे आणि वर मीठ. त्याचा रक्तदाब वाढला होता. पण दुखत काही नव्हते, म्हणून त्याने तो कधी तपासला नाही. एके दिवशी बांधावरच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. गावात सर्वांत सुंदर अक्षर त्याचे. त्या शिकल्या माणसाला पुढे डावा अंगठा उठवावा लागला!

मग मी तपासून घेतले. माझाही रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि तेल-मीठ कमी करायला सांगितले. घरात भजी बंद झाली. दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर जाऊन चोरून खाल्ली. सदऱ्यावर तेलाचा डाग पडला. घरी कळायचे ते कळले.

सूनबाई रागावली नाही. म्हणाली, "मामंजी, आवड सोडू नका. रीत बदलू. मी कोथिंबिरीच्या वड्या करते."

तिची कृती अशी :

कोथिंबीर धुऊन, निथळून बारीक चिरा. 2 वाट्या कोथिंबिरीला 1 वाटी डाळीचे पीठ आणि 2 चमचे तांदळाचे पीठ घ्या. त्यात आले, लसूण, मिरची, हळद, जिरे, तीळ घाला. मीठ चहाचा अर्धा चमचा पुरे. पाण्याचा हबका मारून घट्ट मळा. लांबट वळकट्या करा. चाळणीला तेलाचे बोट फिरवून त्या ठेवा. खाली पातेल्यात पाणी उकळू द्या, वर झाकण घाला. 15 ते 20 मिनिटे वाफवा. सुरी टोचून पाहा. पीठ चिकटले नाही, म्हणजे शिजले. निवल्यावर वड्या कापा. तव्यावर चहाचे 2 चमचे तेल टाकून दोन्ही बाजूंनी खरपूस परता. वर लिंबू पिळा. लिंबू असले की मीठ कमी लागते.

पहिली वडी मी तोंड वाकडे करूनच खाल्ली. चौथी मागून घेतली.

आता थोडा हिशेब. तेल म्हणजे विष नव्हे. राबणाऱ्याला आणि वाढत्या पोराला ते हवेच. पण चहाचे 4 चमचे तेल एका लहान भाकरीएवढी शक्ती देते. बसून खाणाऱ्याच्या अंगावर ती चरबी होऊन साठते. शिवाय कढईत उरलेले तेल आपण पुन्हापुन्हा तापवतो. तेही अपायकारक आहे. तव्यावर तेल उरतच नाही.

मिठाचेही तसेच. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडे कमीच. त्यातच भाजी, भाकरी, पापड, लोणचे सगळे आले. घरात 4 मोठी माणसे असली, तर दिवसाला 20 ग्रॅम. 30 दिवसांना 600 ग्रॅम. तेव्हा एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर मीठ जास्त होते आहे.

तुम्हाला आता लिहिता येते. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा वाचा.

आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्या. काही दुखत नसले तरी घ्या. गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. वडी खाल्ली म्हणून गोळी सुटत नाही.

प्रश्न

1. भावाने रक्तदाब का तपासला नाही?
2. वडीला भज्यांपेक्षा तेल कमी का लागते?
3. तुमच्या घरात मोठी माणसे किती? महिन्याला मीठ किती पुरावे? हिशेब करून वहीत लिहा.