कोय गिळली आणि लेकरू गप्प राहिलं



अक्षय तृतीयेला आमच्या खामगावच्या घरी रस-पोळीचा बेत होता. पाटीभर गावरान आंबे आणले होते. सासूबाई ओसरीत बसून आंबे पिळत होत्या आणि कोया परातीत जमत होत्या. आमचं चार महिन्यांचं पिल्लू, मोती, तिथंच घुटमळत होतं. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याला एकेक कोय चाटायला देई आणि चाटून झाली की काढून घेई. त्यातली एक लहानशी कोय काढून घ्यायच्या आत मोतीनं गिळून टाकली.

हे मला त्या दिवशी कळलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रात्रीतून मोतीला दोनदा उलटी झाली, तेव्हा वाटलं, रस बाधला असेल, नाहीतर ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी प्यायलेलं पाणीही पाच मिनिटांत बाहेर पडू लागलं. पोळीचा तुकडा पुढं केला तर त्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी तो पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "पाया पडल्यावानी काऊन करते वं हे?" पोटात कळा येत असल्या की कुत्रं असं उभं राहतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मुलगा माझ्या अंथरुणात आला. बराच वेळ नुसता पडून होता. मग हळूच म्हणाला, "आई, तू मोतीला सोडून तर नाही ना येणार?" आणि कोयीची गोष्ट सांगितली. दोन दिवस तो पहाटे उठून घरामागं जात होता. मोतीच्या शीमध्ये काडीनं कोय शोधत होता. एवढं ओझं त्यानं एकट्यानं वाहिलं, कारण आठवडाभर आधी मोतीनं चप्पल कुरतडली तेव्हा मीच ओरडले होते, "आता पुन्हा काही केलं ना यानं, तर नेऊन शेतात सोडून देईन." मी ते रागाच्या भरात बोलले आणि विसरून गेले, पण लेकरानं ते खरं मानलं.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेत कोय स्पष्ट दिसेना, पण आतड्यात गॅस कोंडलेला दिसला. मुलानं सांगितलं होतं म्हणूनच डॉक्टरांना नेमकं काय शोधायचं ते कळलं. अकोल्याला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. आतड्याचा तेवढा भाग काळपट पडायला लागला होता. मोती वाचला. आज तो माझ्या पायाशी झोपला आहे आणि मी हे लिहिते आहे.

मला तुमच्याशी मुख्यतः एवढंच बोलायचं आहे: पिल्लानं काही गिळलं की पहिली मदत घरातल्या लेकराच्या खऱ्या बोलण्यातून मिळते. पिल्लाबरोबर दिवसभर असतं ते लेकरू. काय गिळलं, किती गिळलं, केव्हा गिळलं हे त्यालाच माहीत असतं. त्याला सांगायची भीती वाटली की वेळ हातचा जातो, आणि इथं सगळा खेळ वेळेचाच असतो.

पिल्लं असं का करतात, हे आधी समजून घेऊ. पिल्लाला हात नसतात, ते जग तोंडानं चाचपतं. त्याला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते दिसेल ते चावतं. म्हणजे चप्पल कुरतडणं हा त्याचा खोडसाळपणा नसतो, ते त्याचं वय असतं. आपलं रांगतं बाळ भुईवरचा खडा तोंडात घालतं तेव्हा आपण बाळाला दोष देत नाही, भुई झाडून घेतो. पिल्लाच्या बाबतीतही तेच करायचं.

भलतंसलतं गिळणारी फक्त पिल्लंच नसतात. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या सारसी गावची 2023 मधली बातमी तुम्ही वाचली असेल. सोयाबीन आणि भुईमुगाच्या टरफलांच्या ताटात ठेवलेलं मंगळसूत्र म्हशीनं चाऱ्याबरोबर खाल्लं. मेटल डिटेक्टर लावून ते पोटात असल्याची खात्री केली, पशुवैद्यकांनी दोनेक तास ऑपरेशन केलं, साठाहून अधिक टाके पडले आणि मंगळसूत्र परत मिळालं. म्हशीचं पोट मोठं असतं, त्यात अशी वस्तू बराच काळ पडून राहू शकते. पिल्लाचं आतडं आपल्या करंगळीएवढं. त्यात कोय, मोजा, चेंडूचा तुकडा किंवा दाणे काढलेलं मक्याचं कणीस अडकलं की पुढचा रस्ताच बंद होतो. म्हशीच्या पोटात सोनं होतं म्हणून सारं घर त्याच दिवशी धावलं. पिल्लाच्या पोटातल्या फाटक्या मोज्यासाठीही त्याच दिवशी धावावं लागतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत धोका कुठं असतो, तेही पाहा. कापूस घरात भरलेला असतो. सरकी आणि सरकीची ढेप म्हशीला चालते, पण तिच्यातलं गॉसिपॉल कुत्र्याला विषारी असतं. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं कोपऱ्यात सांडतं, फवारणीच्या बाटल्या ओसरीत असतात. असं कीटकनाशक पोटात गेलं तर तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, बाहुल्या बारीक होतात. मग पाच मिनिटंही थांबायचं नसतं.

उंदराच्या औषधाबद्दल नीट ऐका, कारण ते वेगवेगळ्या तऱ्हेचं असतं. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू तयार होतो. त्यावर दूध-भाकरी खाऊ घातली तर आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. पिल्लाला उलटी झाली तर त्या वायूचा त्रास माणसांनाही होतो, म्हणून दारं-खिडक्या उघडा आणि लेकरांना लांब ठेवा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं वेगळं. त्या खाल्ल्यावर पिल्लू दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतं आणि मग शरीरात रक्तस्राव सुरू होतो. यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण तो वेळेत सुरू व्हावा लागतो. "खाल्लं खरं, पण काही झालं नाही," असं म्हणून थांबू नका. औषधाचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

खेळण्यातली आणि रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी हीसुद्धा तशीच घातक. ती अन्ननलिकेत अडकली तर तिच्या विजेच्या प्रवाहानं आतली ओली त्वचा भाजते, आणि हे काही तासांच्या आतच घडतं. लोहचुंबकाचे दोन तुकडे गिळले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे धरून एकमेकांना चिकटतात. हे जसं पिल्लाला, तसंच तुमच्या धाकट्या लेकरालाही लागू आहे. याशिवाय चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, आपल्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या यांतलं काहीही पिल्लाच्या तोंडापर्यंत पोचू देऊ नका.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे उरलेली वस्तू पिल्लापासून दूर करा, पण फेकू नका. तुकडे जुळवून पाहा, किती कमी आहे ते कळेल. वेळ कागदावर लिहा. मग लेकराजवळ बसा आणि आवाज न चढवता विचारा. "तू का दिलंस?" हा प्रश्न त्या घडीला कामाचा नाही. "काय होतं? केवढं होतं? केव्हा?" एवढंच पुरे. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि पिल्लाचं वजन सांगा, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. विष पोटात गेलं असेल तर उलटी करवण्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच असतो. ती करवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. बॅटरी, ॲसिड किंवा टोकदार वस्तू असेल तर उलटीमुळे घसा दुसऱ्यांदा भाजतो किंवा फाटतो, आणि रॉकेल असेल तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

आमच्या शेजारच्या मावशी कळवळून म्हणाल्या होत्या, "त्याले मिठाचं पानी पाजा ना ताई, सारं ओकून टाकते पाहा." त्यांची माया खरी होती, पण उपाय घातक आहे. मिठानं पिल्लाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. तेल, तूप, दूध हे विषावरचे उतारे नाहीत. स्निग्ध पदार्थांनी काही विषं उलट लवकर भिनतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत तो सुईला किंवा आतड्याला गुंतलेला असतो, ओढला की आतडं कापलं जातं.

डॉक्टर म्हणाले "वाट पाहा", तर दोन-तीन दिवस त्याच्या शीवर लक्ष ठेवा. ते काम मोठ्यांनी करायचं, लेकरावर टाकायचं नाही. पुन्हापुन्हा उलटी, पाणीही न टिकणं, शी बंद होणं, पोट फुगणं, मोतीसारखं पाया पडल्यागत उभं राहणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

घशात काही अडकलं तर गोष्ट वेगळी असते आणि तिथं अधिक जपून वागायचं. पिल्लानं आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत काही गिळलं आणि श्वास कोंडून जीभ निळी पडू लागली, तर मोठ्या माणसानं तोंड उघडून पाहावं. वस्तू दिसत असेल तरच काढावी, न पाहता बोट घातलं तर ती आणखी आत जाते. दिसत नसेल तर लहान पिल्लाला मागच्या पायांनी उचलून डोकं खाली करावं, खांद्यांच्या मधोमध तळव्यानं चार-पाच थापट्या द्याव्यात आणि तसंच दवाखान्याकडं निघावं.

पण काहीही गिळताना कुणी पाहिलेलं नाही, पिल्लू लाळ गाळतं आहे, जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे, पाणी गिळवत नाही, असं असेल तर "हाड अडकलं असेल" म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. रेबीज झालेलं कुत्रं नेमकं असंच दिसू शकतं. पिल्लालाही रेबीज होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. त्याची लाळ हाताच्या ओरखड्याला लागली तरी 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. लेकरांना एकच नियम शिकवा: पिल्लाच्या तोंडात आपला हात कधीही घालायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या.

न्यायचं कुठं, हे आजच ठरवून ठेवा. गावोगावचे जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने पहिल्या मदतीला जवळ पडतात. पशुवैद्यकीय मदतीसाठी राज्यात 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. ऑपरेशनची वेळ आली तर अकोल्याला महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. खामगावहून ते अंतर पन्नासेक किलोमीटर. घाटावरच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्या लोकांना मात्र बराच लांबचा पल्ला पडतो, म्हणून त्यांनी तर लवकर निघायला हवं.

मोती घरी आला त्या दिवशी मी मुलाची माफी मागितली. "शेतात सोडीन" हे मी चुकीचं बोलले, असं त्याला स्पष्ट सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तो धावत येऊन म्हणाला, "आई, मोतीनं माझं खोडरबर खाल्लं, आत्ताच." मला राग आला होता, पण मी आधी घड्याळ पाहिलं, मग फोन केला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी खोडरबर आपोआप पडलं. लेकरू सांगायला आलं तेव्हा मी शांत राहिले, म्हणून पुढच्या वेळीही ते येईल.

आज रात्री जेवताना तुमच्या लेकरांना एवढं सांगा: "काही सांडलं, फुटलं, पिल्लानं किंवा धाकट्यानं काही गिळलं, तर आधी मला सांग. मी रागावणार नाही." आणि ते पहिल्यांदा सांगायला येतील, तेव्हा हा शब्द पाळा.