एकादशीच्या ताटावरून

चि. सोनूस,


आजीच्या उपवासाच्या ताटातलं काहीही मूळचं आपलं नाही, हे तू तिला पुराव्यानिशी सांगितलंस आणि ती गप्प झाली, असं तू मोठ्या उत्साहानं कळवलं आहेस. माहिती बहुतेक खरी आहे. बटाटा अँडीजच्या डोंगरातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तोही तिकडचाच. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, त्यानंतर ही सगळी मंडळी हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात शिरली. ज्ञानोबांच्या काळातल्या वारकऱ्यापुढे खिचडीची ताटली ठेवली असती तर हे काय आहे म्हणून त्यानं विचारलं असतं. भगर आणि शिंगाडा मात्र इथलेच आहेत, तेवढं दुरुस्त कर.

आणि राजगिरा तू कसा विसरलीस? खरी गंमत तिथेच आहे. तोही अमेरिकेतला. मेक्सिकोतले अॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून देवांच्या मूर्ती घडवत आणि उत्सवात त्यांचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. आजही तिकडे फुलवलेला राजगिरा मधात घोळून त्याच्या वड्या विकतात. आपली राजगिऱ्याची चिक्की घेऊन तिथल्या बाजारात उभं राहिलं तर कुणाला परकी वाटणार नाही. एकच दाणा दोन्हीकडे देवाच्या कामी आला, तोही एकमेकांना न विचारता! मला हे कळलं तेव्हा लाडू जास्तच गोड लागला, कमी नाही.

पण बटाटा पंढरपूरचा आहे असं आजी कधी म्हणाली होती का? ती एवढंच म्हणते की आज मी धान्य खाणार नाही. तो तिचा संकल्प आहे, वनस्पतिशास्त्रातलं विधान नव्हे. विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, फळ आणि दूध यांच्या जोडीला मूळही आहे. बटाटा, रताळं, कसावा ही जमिनीखालची मंडळी त्या दारानं सहज आत आली, त्यांचं गाव कुणी विचारलं नाही. म्हणजे आजीनं न विचारलेल्या प्रश्नाचं तू अचूक उत्तर दिलंस आणि तिच्या संकल्पावर जिंकल्यासारखी वागलीस. हे मला आवडलं नाही. मीही एकादशी करतो. विठ्ठल मला ठाऊक आहे असं मी कुणाला सांगत नाही, मी त्याला मानतो. ज्ञानाचा आव आणून मी श्रद्धा सांगितली तर तू मला जरूर अडव. माझी श्रद्धा ही श्रद्धा म्हणूनच तुझ्यापुढे ठेवली, तर तिला प्रयोगशाळेत नेऊ नकोस.

जिथे अडवायला हवं तिथे मात्र तू गप्प राहिलीस. साबुदाणा किडे पडलेल्या खड्ड्यांत पायांनी तुडवून करतात, म्हणून तो उपवासाला चालत नाही, असा निरोप घरातल्या सगळ्यांना आला होता. हे श्रद्धेचं वाक्य नाही. कारखान्यात काय घडतं याबद्दलचं ते विधान आहे, आणि ते तपासता येतं. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या आसपास होतो. कंद धुऊन, सोलून दळतात, दुधासारखं पाणी गाळून हौदात निवळत ठेवतात, तळाशी बसलेल्या सत्त्वाचे दाणे वळून तापवतात आणि वाळवतात. कच्च्या कसाव्यात विषारी द्रव्य असतं, तेही या धुण्या-दळण्यात निघून जातं. हे तू नीट समजावून सांगितलं असतंस तर आजीनं मन लावून ऐकलं असतं. कुठलीही वस्तू कशी करतात हे ऐकायला तिला फार आवडतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकादशीला आजी मधुमेहाची गोळी घेत नाही. गोळीनं उपवास मोडतो असं ती समजते, आणि दिवसभरात दोनदा खिचडी खाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, रक्तातली साखर भराभर वाढवणारं. बरं, गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका. इथे तुझं शिक्षण कामाला येऊ दे. इथे लाजू नकोस आणि माघारही घेऊ नकोस. तिच्याशी बोलताना त्याच आठ गोष्टींची आठवण दे, कारण त्यांत औषधही आहे. तिच्या व्रतानं गोळीला कधीच मनाई केलेली नाही. तरी आपल्या मनानं वेळा ठरवू नका. एकादशीच्या आधी तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कधी, किती आणि त्या दिवशी काय खायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, ताक चालेल का, हेही विचार.

खिचडी केलीत तर साबुदाणा भिजवताना पाणी दाण्यांच्या वर जेमतेम येऊ दे, जास्त झालं की गोळा होतो. कूट भरपूर घाल. कोथिंबीर चालते की नाही याचा निकाल प्रत्येक घराचा वेगळा असतो. तुमच्या घरी तो आजीनं द्यायचा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा