फ्रेंच भाषिकांस चकविणारीं इंग्रजी नामें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेस एक फ्रेंच शिक्षक भेट देण्यास आले होते. नववीच्या वर्गांत त्यांनीं एक सुंदर सचित्र पुस्तक मुलांस दाखविलें आणि इंग्रजींत सांगितलें कीं, "हें मीं आमच्या गांवच्या लायब्ररींतून विकत घेतलें." झालें! मागच्या बांकांवर खसखस पिकली. लायब्ररींत का कोणी पुस्तकें विकतें? पाहुण्यांस हंशाचें कारण कळेना. ते ओशाळून गप्प राहिले. विद्यार्थी मित्रांनो, त्या हंशाची भरपाई म्हणून हा लहानसा धडा लिहीत आहें.

पाहुण्यांची चूक अडाणीपणाची नव्हती. फ्रेंच भाषेंत 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचें दुकान. ग्रंथालयास ते 'बिब्लिओतेक' म्हणतात. मौज अशी कीं, इंग्रजांनीं 'लायब्ररी' हा शब्द फ्रेंचांपासूनच घेतला, आणि त्या काळीं फ्रेंचमध्येंही त्याचा अर्थ ग्रंथसंग्रह असा होता. सुप्रसिद्ध फ्रेंच निबंधकार माँतेन्य (१५३३–१५९२) हा आपल्या मनोऱ्यांतील ग्रंथसंग्रहास 'लिब्रेरी'च म्हणत असे. पुढें फ्रेंच शब्द बाजारांत जाऊन बसला. इंग्रजी शब्द कपाटापाशींच राहिला. अशा, रूपानें सारख्या पण अर्थानें निराळ्या, शब्दांस फ्रेंच लोक 'खोटे मित्र' म्हणतात. केस्लेर व देरोकिन्यी या दोघां लेखकांनीं १९२८ सालीं ह्याच नांवाचें पुस्तक लिहून इंग्रजी शब्दांच्या या दगाबाजीविषयीं आपल्या देशबांधवांस सावध केलें.

परंतु खोट्या मित्रांहूनही अधिक चकविणारा दुसरा एक प्रकार आहे. फ्रेंचमध्यें जेथें एकच नाम आहे तेथें इंग्रजींत दोन असतात. कोश दोन्ही देतो. पण त्यांतून निवड कशी करावी, हें बहुधा सांगत नाहीं. अशा वेळीं एक युक्ति उपयोगी पडते. इंग्रजी भाषा त्या ठिकाणीं कोणता प्रश्न विचारीत आहे, तो शोधून काढावा. प्रश्न सांपडला कीं शब्द आपोआप सांपडतो. कांहीं उदाहरणें पाहूं.

(१) फ्रेंच 'ओंब्र'. इंग्रजी 'शेड' आणि 'शॅडो'. प्रश्न असा: आकृति दिसते काय? उन्हापासून आसरा देणारी थंड जागा ती 'शेड'. वस्तूच्या आकाराप्रमाणें भुईवर किंवा भिंतीवर उमटते ती 'शॅडो'. वाटसरू 'शेड'मध्यें बसतो. 'शॅडो' त्याच्याबरोबर चालते.

(२) फ्रेंच 'मुतों'. इंग्रजी 'शीप' आणि 'मटन'. प्रश्न असा: कुरणांत आहे कीं ताटांत? १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि पुढें दीर्घकाळ दरबारांत व सरदारांच्या घरीं फ्रेंच भाषेचें प्राबल्य राहिलें. मेंढरें राखणारा इंग्रजी बोले, मेजवानीस बसणारा फ्रेंच बोले. म्हणून जिवंत जनावर 'शीप' व त्याचें मांस 'मटन'. 'ऑक्स' व 'बीफ', 'पिग' व 'पोर्क' हीं जोडपीं तशींच. हा भेद एका दिवसांत मात्र ठरला नाहीं. 'बीफ' हा शब्द कित्येक शतकें जिवंत बैलासही लावीत असत. फ्रेंच मुलाजवळ दोहोंस एकच शब्द असल्यामुळें तो कधीं कधीं कुरणांत 'मटन' चारतो! पण हंसण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें. तोच शब्द इंग्रजांमार्फत 'मटण' होऊन आपल्याकडे आला आणि येथें बहुधा बोकडाच्या मांसास चिकटला.

(३) फ्रेंच 'एक्सपेरियांस'; इंग्रजी 'एक्स्पीरिअन्स' आणि 'एक्स्पेरिमेंट'. प्रश्न असा: आपोआप वांट्यास आलें, कीं मुद्दाम करून पाहिलें? पहिला अनुभव, दुसरा प्रयोग.

(४) फ्रेंच 'कॉन्सियांस'. इंग्रजी 'कॉन्शन्स' आणि 'कॉन्शसनेस'. प्रश्न असा: बरेंवाईट ओळखणें, कीं नुसतें भान असणें? खोटें बोलल्यावर टोंचते ती 'कॉन्शन्स'. डोक्यास मार लागून माणूस निपचित पडतो तेव्हां हरपते ती 'कॉन्शसनेस'. 'रोग्याची सदसद्विवेकबुद्धि गेली' असें लिहून चालेल काय?

तुमच्या लक्षांत आलें असेल कीं, शेवटचीं दोन उदाहरणें आपणांस मुळींच कठीण नाहींत. अनुभव आणि प्रयोग, विवेक आणि शुद्धि हे भेद मराठीनें अगोदरच करून ठेविले आहेत. मात्र 'शेड' आणि 'शॅडो' या दोहोंस आपण 'सावली'च म्हणतों; तेथें मराठी मूल फ्रेंच मुलाच्याच बांकावर बसलें आहे. उलट, भिंतीवरचें काय आणि मनगटावरचें काय, आपणांस सगळें 'घड्याळ'च. पण फ्रेंच मनुष्य मनगटावरच्यास 'माँत्र' आणि भिंतीवरच्यास 'ऑर्लोज' म्हणतो. म्हणून 'वॉच' आणि 'क्लॉक' यांत आपलीं मुलें घोटाळतात, तो घोटाळत नाहीं. सारांश, चूक कोठें होईल हें बुद्धीवर नव्हे, तर बहुतेक वेळां मातृभाषेच्या घडणीवर अवलंबून असतें.

त्या दिवशीं तास संपण्यापूर्वीं एका मुलीनें उठून पाहुण्यांस त्यांची चूक आदरानें समजावून दिली. ते मनापासून हंसले आणि म्हणाले, "आमच्याकडचीं मुलें तर पायालाही 'फिंगर्स' लावतात, कारण आम्ही पायाच्या बोटांस पायाचीं बोटेंच म्हणतों." वर्ग एकदम शांत झाला. त्याच आठवड्यांत तपासलेल्या निबंधांच्या वह्यांत 'टो' ह्या शब्दाच्या जागीं 'फिंगर' लिहिणारे निम्म्याहून अधिक होते!

येथें मला माझाही एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मुलानें गाडीचें चाक आपल्या पायाच्या 'फिंगर'वरून गेल्याचें लिहिलें होतें. मीं तें वाक्य सर्व वर्गास मोठ्यानें वाचून दाखविलें. मुलें हंसली, मीही हंसलों. त्यानंतर तो मुलगा वर्षभर माझ्या तासाला इंग्रजींत एक शब्दही आपण होऊन बोलला नाहीं. त्याची चूक दोन मिनिटांत सुधारण्याजोगी होती. माझी अद्याप सुधारली गेली नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, नवा शब्द एकटा पाठ करूं नका. त्याच्या शेजारच्या शब्दासह, दोन लहान वाक्यांत घालून वहींत लिहा, आणि त्यांना वेगळें करणारा प्रश्न समासांत मांडा. पालकांसही विनंति आहे कीं, मुलाची वही पाहतांना तांबड्या खुणा मोजूं नयेत, "येथें तुला काय म्हणावयाचें होतें?" असें त्यास विचारावें. त्याच्या उत्तरांतच चुकीचें मूळ बहुधा सांपडेल.

अभ्यास: पुढील वाक्यें इंग्रजींत लिहा. (१) गाय वडाच्या सावलींत उभी होती. (२) भिंतीवर मांजराची सावली हलली. (३) बाबांचें घड्याळ खिशांत आहे. शाळेचें घड्याळ बंद पडलें आहे. (४) आजीचा अनुभव मोठा आहे. (५) माझ्या पायाचें बोट दुखतें. कोणी चुकल्यास हंसूं नये. प्रश्न शोधण्यास त्यास मदत करावी.