क्लाउड म्हणजे काय? आपल्या समितीची कागदपत्रं आणि क्लाउड



गेल्या पावसाळ्यात कार्यालयाचं छत गळलं आणि कपाटातलं सभासद रजिस्टर भिजलं. कितीतरी जुन्या नोंदींची शाई पसरली. नेमकं तेव्हाच अपघातात गेलेल्या आपल्या एका सभासदाच्या घरच्यांना विम्याच्या अर्जासाठी सभासदत्वाचा दाखला हवा होता. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यूनंतर वारसाला ५ लाख रुपये मिळतात, म्हणजे गोष्ट लहान नव्हती. वहिनींना तीन चकरा पडल्या. पानं वाळवून, जुन्या पावत्या काढून आम्ही कसाबसा दाखला दिला. त्या दिवशी आम्हाला आपलीच लाज वाटली. म्हणून आजचा विषय: क्लाउड.

क्लाउड म्हणजे ढग. पण आपले कागद काही आकाशात जात नाहीत. दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या मुंबई-पुण्यातही अशी केंद्रं आहेत. इंटरनेटवरून आपण त्या संगणकांवर फोटो, हिशेब, कागद ठेवतो आणि लागेल तेव्हा मोबाईलवर उघडतो.

बर्फाचं उदाहरण घ्या. मासळीसाठी आपण बर्फाचा कारखाना उभारत नाही. लागतील तेवढ्या लाद्या आणतो आणि तेवढेच पैसे देतो. मशीन, वीज, दुरुस्ती कारखानदार बघतो. क्लाउडचंही तसंच आहे. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने संगणकाची ताकद आणि साठवणुकीची जागा अशी भाड्याने द्यायला सुरुवात केली, मग इतर कंपन्याही आल्या.

तुम्ही क्लाउड आधीपासून वापरताच. जीमेल, गूगल फोटोज ही त्याचीच रूपं. सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात खात्याने दिलेलं आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स कायद्याने मूळ कागदाइतकंच मानलं जातं. सरकारी खात्यांसाठी ‘मेघराज’ नावाचं क्लाउड आहे. २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, त्यांचं सॉफ्टवेअरही क्लाउडवरच चालतं. म्हणजे सहकाराला हे नवीन राहिलेलं नाही.

फायदे काय?

१. कार्यालयात पाणी शिरलं, संगणक बिघडला, मोबाईल तलावात पडला, तरी कागद शाबूत राहतात.
२. अध्यक्ष, सचिव आणि हिशेब तपासणारे एकच वही एकाच वेळी बघू शकतात. मत्स्यबीज किती टाकलं, मासळी किती निघाली, कोणाचे किती पैसे झाले, हे सगळ्यांसमोर राहतं. भांडणं कमी होतात.
३. खर्च कमी. गूगलच्या एका खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. कागदांसाठी ती पुष्कळ झाली.

पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तलावावर नेट नसेल तर फाईल उघडणार नाही, म्हणून महत्त्वाचे कागद मोबाईलमध्ये ऑफलाइनही ठेवा. ड्राइव्हमधून पुसलेली फाईल कचरापेटीत फक्त ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाच सांगू नका, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

सगळ्यात मोठी गोष्ट: खातं समितीच्या नावाचं हवं, सचिवाच्या स्वतःच्या नावाचं नको. सचिव आज आहे, उद्या दुसरा येईल. रजिस्टर सचिवाच्या घरी ठेवत नाही ना आपण? मग हेही तसंच. आम्ही समितीचं वेगळं खातं उघडलंय. त्याला दुहेरी पडताळणी लावली आहे आणि पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे दिला आहे.

आणि हो, मूळ कागद फेकायचे नाहीत. ठेक्याचा करारनामा, सभेचं इतिवृत्त, सह्या असलेलं रजिस्टर कपाटातच राहील, फक्त आता वरच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्यांना थोडी सवड मिळते. त्या दिवसांत प्रत्येकाने आधार, समग्र आयडी, बँक पासबुक आणि वारसाचं नाव घेऊन कार्यालयात यावं. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करू आणि कागद लगेच परत देऊ. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी मुलाला किंवा सुनेला सोबत आणावं.

वारसाचं नाव नोंदवायला विसरू नका. पुन्हा कोणत्याही वहिनींना तीन चकरा पडायला नकोत.