सनद मिळालेल्या पुतण्यास

करामा, दुबई

चि. बाळ यास,

वकिलीची सनद मिळाल्याचे तुझे पत्र पोहोचले आणि घरात सर्वांना परम संतोष झाला. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस, मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेसाठी पदवीधरांच्या मतदार यादीत नाव घालण्याचा आग्रह एका मित्राने केला असता ‘विद्यापीठात राजकारण नको’ एवढे सांगून तू त्याची बोळवण केलीस, असे तू काहीशा अभिमानाने लिहिले आहेस. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटले.

तुझा उद्वेग निराधार नाही. आधीच्या अधिसभेची मुदत २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपली. पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक पुढल्या वर्षी जाहीर झाली आणि मतदार यादीविषयीच्या तक्रारींवरून स्थगित झाली. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख मुक्रर झाली, पण मतदान तोंडावर आले असताना पुन्हा स्थगितीचा हुकूम निघाला, आणि उच्च न्यायालयात दाद मागितली गेली तेव्हा कुठे २४ सप्टेंबरला मतदान पार पडले. दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. कोणता पक्ष जिंकला याचा हर्ष वा विषाद मला नाही. मला खंत वाटते ती याची की, दोन वर्षे पदवीधरांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्या रिकाम्या आहेत याची जाणीवही बहुसंख्य पदवीधरांना झाली नाही.

आता आकड्यांचा विचार कर. लक्षावधी पदवीधर ज्या विद्यापीठातून बाहेर पडले, त्याच्या या निवडणुकीची यादी अवघी तेरा हजारांच्या घरातली होती. यादी जितकी लहान, तितकी ती आपल्या माणसांनी भरून काढणे संघटित पक्षाला सोपे जाते. म्हणजे ज्या राजकारणाचा तुला तिटकारा आहे, ते तुझ्यासारख्या विचारी माणसांनी मोकळ्या सोडलेल्या जागेतच फोफावते. पक्षांना मी दोष देत नाही, कारण अर्ज गोळा करणे हे त्यांचे कामच आहे. दोष आहे तो पदवी भिंतीवर टांगून अधिसभेकडे पाठ फिरवणाऱ्या सुशिक्षितांचा.

राजकारण हद्दपार करण्याचा प्रयोग महाराष्ट्राने करूनही पाहिला. महाविद्यालयांतील निवडणुकांत हिंसाचार माजला तेव्हा १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे ती कागदावरच राहिली. यामुळे विद्यापीठे सत्तेच्या स्पर्शापासून अलिप्त झाली काय? उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केले आणि सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. विद्यार्थी आणि पदवीधर बाजूला झाले की विद्यापीठावरील ओढाताण संपत नाही. ती फक्त मंत्रालय आणि राज्यपाल यांच्यात चालू राहते आणि तीत आपल्याला तोंड उघडण्याचा हक्क उरत नाही.

याच अधिसभेचा पूर्वेतिहास तुला ठाऊक असावा. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग झाले. आणि न्यायमूर्ती रानडे यांनी देशी भाषांना वरच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून याच सभेत दीर्घकाळ खटपट केली, सभासदांची मने वळवली, तेव्हा त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस एम. ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. हेही राजकारणच होते, बाळ. मात्र त्याचे साध्य विद्या हे होते.

विद्यापीठाचा कारभार बिघडला म्हणजे त्याची झळ कोठवर पोहोचते हे या करामात बसून फार स्पष्ट दिसते. येथे नोकरीसाठी आलेल्या मुलाच्या पदवीवर राज्य शासनाचा, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का असावा लागतो. परंतु हे सारे शिक्के कागद खरा असल्याचीच ग्वाही देतात, त्या कागदामागील शिक्षणाची नव्हे. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची घाई झाली, जुलैअखेरची मुदत उलटूनही निकाल रखडले, पुढील प्रवेश खोळंबले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एवढा मोठा फेरबदल करण्यापूर्वी पूर्वतयारीची कैफियत हट्टाने मागणारे सभासद पुरेसे असते तर हजारो मुलांचा तो मनस्ताप टळला असता, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. पुढील यादीची सूचना निघताच स्वतःचा अर्ज भर आणि आपल्या वर्गातील निदान चार मित्रांना तो भरायला लाव. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादीही दर निवडणुकीला नव्याने तयार होते, जुने नाव आपोआप पुढे येत नाही, हे ध्यानात ठेवून त्यासाठीचा नमुना १८ मुदतीत दे. उमेदवार दाराशी आला की त्याचा पक्ष विचारू नकोस. विद्यापीठाचा अर्थसंकल्प वाचला आहे काय, परीक्षा विभागाविषयी आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागांविषयी तू कोणता प्रश्न मांडशील, हे विचार. निवडून गेल्यावर वर्षाकाठी त्याच्याकडून हिशेब माग. तू आता वकील आहेस. २०१६ चा कायदा एकदा मुळातून वाच, कारण अधिसभेचे अधिकार सभासदांनाच अवगत नसले तर कुलगुरूंच्या दालनापुढे त्यांचा आवाज पोहोचत नाही.

येथे परमुलखात आम्हांला सुखाने राहता येते, पण सार्वजनिक कारभारात आमचे मत कोणी विचारत नाही आणि विचारावे अशी अपेक्षाही आम्ही करू नये. तुला मात्र कायद्यानेच विचारले जाते. विद्यापीठ निर्मळ असावे असे तुला मनापासून वाटते, तर ते निर्मळ ठेवण्यासाठी नेमून दिलेल्या यादीत तुझे नाव असलेच पाहिजे.

वडिलांस सा. नमस्कार. इति आशीर्वाद.

तुझा,
काका