‘नॉट’ नेमका कशाला लागतो?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धनच्या आमच्या घराची कौलं उडाली, पडवीचे वासे मोडले आणि मागच्या वाडीतली सुपारीची बहुतेक झाडं आडवी झाली. मी तेव्हा पुण्यात होतो, इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीत. टाळेबंदीचे दिवस होते. गावात वीज नव्हती, फोन लागला तर लागला. घराचा विमा होता, म्हणून दादाने कसंबसं कंपनीला कळवलं. उत्तर मोबाइलवर आलं, इंग्रजीत, आणि ते माझ्या पुतण्याने वाचून दाखवलं.

त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘डॅमेज्ड प्रॉपर्टी मस्ट नॉट बी रिमूव्ह्ड अंटिल इट हॅज बीन इन्स्पेक्टेड.’ पोरगं हुशार. त्याने शाळेत शिकवलं होतं तसंच लावलं: मस्ट म्हणजे पाहिजे, नॉट म्हणजे नाही. म्हणजे पाहणी होईपर्यंत सामान हलवलंच पाहिजे असं नाही. हलवलं तरी चालेल, नाही हलवलं तरी चालेल. पाऊस तोंडावर आलेला, गवंडी त्या आठवड्यात मोकळा. दादाने मोडके वासे, फुटकी कौलं, भिजून फुगलेलं कपाट सगळं काढून टाकलं आणि वर पत्रे चढवले. पुढे सर्वेअर आला तेव्हा त्याला दाखवायला काही उरलं नव्हतं. दाव्यातला मोठा भाग नामंजूर झाला. दादा-वहिनींनी त्या वर्षी किती ओढाताण सोसली ते मी पाहिलं आहे.

पुतण्याला मी दोष देत नाही. ‘मस्ट = पाहिजे’ हे समीकरण आपण शिक्षकच मुलांना देतो आणि त्याचं नकारार्थी रूप त्यांच्यावर सोडून देतो. घोळ तिथेच आहे. ‘मस्ट नॉट बी’ मधला नकार सक्तीला लागत नाही, कृतीला लागतो. सक्ती कायम राहते. सक्ती असते ती न करण्याची. ‘हलवू नये’ हा त्याचा खरा अर्थ. ‘हलवायची गरज नाही’ हे सांगायचं असेल तर इंग्रजी ‘नीड नॉट बी’ म्हणते, कारण तिथे नकार गरजेला लागतो. दोन्ही वाक्यांत शब्दांचा क्रम तोच, ‘नॉट’ची जागा तीच, आणि अर्थ अगदी उलट दिशांना जातात. डोळ्यांनी हा फरक दिसत नाही. तो माहीतच असावा लागतो.

आपली मराठी इथे फार मदत करते, पण तिचा आधार घ्यायला कुणी शिकवत नाही. हलवू नये, हलवायची गरज नाही, हलवता येत नाही, हलवलं नसेल, हलवायला नको होतं: ही पाच रूपं कोळीवाड्यातली म्हातारीसुद्धा कधी एकमेकांच्या जागी वापरणार नाही. म्हणून मी आता वर्गात मुलांना ‘बी रिमूव्ह्ड’सारख्या कर्मणी प्रयोगाचा साचा घोकायला लावण्याआधी एवढंच करायला सांगतो: इंग्रजी वाक्य या पाचांपैकी कशात बसतं ते पाहा, एकात बसलं नाही तर पुढे जाऊ नका. ‘कॅन नॉट बी’ पाशी थोडं थांबावं लागतं. मराठीत शक्य कर्मणी नावाचा एक सुंदर प्रयोग आहे. ‘आजीच्याने आता जिना चढवत नाही’, ‘ते हाल पाहवत नाहीत’. त्यात अशक्यता आहे, मनाई कधीच नाही. इंग्रजी ‘कॅन नॉट बी’ मात्र दोन्हीकडे चालतं. ‘द लॉक कॅन नॉट बी ओपन्ड’ म्हणजे कुलूप उघडतच नाही. ‘द सील्ड रूम कॅन नॉट बी ओपन्ड’ म्हणजे उघडायला परवानगी नाही. ‘करता येणार नाही’ हे आपलं रूपही तसंच दुहेरी आहे, तेव्हा इथे संदर्भ तपासल्याशिवाय पर्याय नाही.

सर्वात फसवं ‘मे नॉट बी’. ‘द अमाउंट मे नॉट बी पेड’ याचा अर्थ रक्कम कदाचित मिळणार नाही असा होतो आणि रक्कम देण्यास मनाई आहे असाही होतो. त्यातून सुरुवातीला ‘ऑल’ आला, म्हणजे ‘ऑल क्लेम्स मे नॉट बी अ‍ॅक्सेप्टेड’, तर आपल्याकडच्या पत्रव्यवहारात बहुधा ‘सगळेच दावे मंजूर होतील असं नाही’ एवढंच म्हणायचं असतं. वाचणारा मात्र एकही मंजूर होणार नाही असं समजून कागद गुंडाळून ठेवतो. अशा वाक्यावर स्वतः निर्णय घेऊ नये, उलट विचारावं. हा भित्रेपणा नाही. आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी मुलं जहाजावर जातात, त्यांच्या धंद्यात तर हे नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये सागरी संवादासाठी प्रमाण वाक्यं ठरवून दिली. त्यात मे, माइट, शुड, कुड आणि कॅन हे शब्द संदिग्ध म्हणून टाळायला सांगितले आहेत. ‘मे आय एंटर’ असं विचारायचं नाही. आधी ‘क्वेश्चन’ असं जाहीर करून ‘मला आत येण्याची परवानगी आहे का’ अशा सरळ शब्दांत विचारायचं. समुद्रावरच्या तरबेज लोकांनी ज्या शब्दांवर विसंबायचं नाही असं ठरवलं, त्यांवर आपण घराचा दावा का सोडावा?

कर्मणी प्रयोगाने आणखी एक गोष्ट होते: कर्ता निघून जातो. हे दर वेळी पळवाटेसाठी असतं असं मात्र नाही. जहाजांच्या टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातवा नियम सांगतो की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधले जाऊ नयेत. इंग्रजीत तिथे ‘शॅल नॉट बी’ आहे आणि कर्ता मुद्दाम गाळलेला आहे, कारण तो नियम कप्तानाला लागू आहे, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला लागू आहे, सुकाणूवर उभ्या असलेल्यालाही. पण विम्याच्या किंवा बिल्डरच्या कागदात ‘शॅल नॉट बी हेल्ड लायबल’ दिसलं, की कोण जबाबदार नाही, कशासाठी नाही आणि कुणी धरायचं नाही, हे कर्ता घालून लिहून पाहावं. लिहिता आलं नाही, तर ते वाक्य सहीच्या लायकीचं नाही.

किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना हे आमच्याकडचं दुसरं दुखणं. 1991, 2011 आणि 2019 अशा तीन अधिसूचना आल्या, आणि निसर्गनंतर गावागावात कुजबुज सुरू झाली की पडलेली घरं आता बांधता येणार नाहीत. 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास क्षेत्राबद्दलचं वाक्य ‘नो कन्स्ट्रक्शन शॅल बी परमिटेड’ असं सुरू होतं. इथे नकार क्रियापदाजवळ नाहीच, तो कर्त्याच्या जागी बसलेल्या ‘कन्स्ट्रक्शन’च्या आधी ‘नो’ होऊन आला आहे. घाबरलेला माणूस एवढंच वाचून थांबतो. पण त्याच वाक्यात पुढे ‘एक्सेप्ट’ आहे. आधीपासून अधिकृत असलेल्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, चटई क्षेत्र, जोतं आणि घनता न वाढवता, तिथे मोकळी ठेवलेली आहे. म्हणून ‘शॅल नॉट बी’ किंवा ‘नो’ दिसलं की एक्सेप्ट, अनलेस, अंटिल, विदाउट यांपैकी काही येतं का ते पाहत पूर्णविरामापर्यंत जायचं. दादाच्या पत्रातही ‘अंटिल’ होतंच. मनाई कायमची नव्हती, फक्त पाहणी होईपर्यंतची होती. पाऊस थांबणार नव्हता हे खरं. पण अशा वेळी फोटो काढून, ‘ताडपत्री घालतो, हलवायची परवानगी द्या’ असं लेखी विचारता येतं.

उत्तर लिहिताना भूतकाळी रूपांना जपावं. ‘द वॉल शुड नॉट हॅव बीन डिमॉलिश्ड’ असं लिहिलं की भिंत पाडली गेली हे आपण मान्य केलं. ‘नीड नॉट हॅव बीन सबमिटेड’ म्हणजे कागद दिला होता, पण तो द्यायची गरज नव्हती. ‘मे नॉट हॅव बीन रिसीव्ह्ड’ म्हणजे कदाचित मिळालं नसावं, आणि ‘कॅन नॉट हॅव बीन रिसीव्ह्ड’ म्हणजे मिळालं असणं शक्यच नाही. पोचपावती हातात नसताना यातलं शेवटचं लिहू नका. शंका असली तर कर्मणी सोडून सरळ लिहा: मी अमुक तारखेला पत्र पाठवलं, तुमचं उत्तर मला मिळालं नाही, सामान कुणी, कधीपर्यंत हलवायचं नाही ते कळवा. असं इंग्रजी सातवीतल्या मुलालाही लिहिता येतं, आणि ते वाचणाऱ्याला दोन अर्थ काढता येत नाहीत.