छोटी केस, मोठं ग्राफिक्स कार्ड : कोटेशन देण्याआधी घ्यायची चार मापं



कस्टम पीसी जोडून देण्याचा व्यवसाय सुरू करताय ना? मग एक गिऱ्हाईक तुमच्याकडे हमखास येणार. "केस छोटीशी द्या, टेबलावर ठेवायचीय. पण कार्ड मोठं टाका!" असं गिऱ्हाईक सोडू नका, त्याची पैसे द्यायची तयारी असते. पण नफा बुडतो तोही इथेच.

हिशोब बघा. समजा, कार्ड ७०,००० रुपयांचं आहे आणि त्यात तुम्हाला २,५०० सुटतात. आता कार्ड केसमध्ये बसलंच नाही. सील फोडलेला माल होलसेलर त्याच भावात परत घेईलच असं नाही. त्याने ५ टक्के कापले तरी ३,५०० गेले. म्हणजे नफा तर गेलाच, वर खिशातले १,००० गेले.

म्हणून नियम एकच : आधी माप, मग कोटेशन.

१. लांबी : केसच्या माहितीत 'जीपीयू क्लिअरन्स' दिलेला असतो. पण तो आकडा पुढचा फॅन धरून आहे की न धरता, हे तपासा. समजा ३३० मिमी लिहिलंय आणि ते फॅन न धरता आहे. पुढे २५ मिमीचा फॅन आणि २७ मिमीचा रेडिएटर लावला, तर उरले २७८. आता ३०४ मिमीचं कार्ड बसणार नाही.

२. जाडी : दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी असतं. म्हणजे तीन स्लॉटच्या कार्डाला साधारण ६१ मिमी जागा लागते. कार्ड पत्र्याला चिकटून बसलं तर फॅनला हवा मिळत नाही, कार्ड तापतं आणि आवाज वाढतो. मग गिऱ्हाईक आठवड्याभरात परत दारात!

३. उंची आणि केबल : इथे नवीन माणूस हमखास फसतो. कार्डाच्या उंचीत पॉवर केबल बहुतेक वेळा धरलेली नसते. १६ पिनची केबल प्लगपासून निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्या, मग वळवा. साइड पॅनल जोर लावून बंद करायचं नाही. प्लग अर्धवट बसला तर तो गरम होऊन वितळू शकतो. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या बाबतीत असे प्रकार झाले होते, आणि प्लग पूर्ण न बसणं हे त्यातलं मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं होतं.

४. पॉवर सप्लाय : छोट्या केसमध्ये बऱ्याचदा एसएफएक्स सप्लाय लागतो, साधारण १२५ × १०० × ६३.५ मिमीचा. आरटीएक्स ४०७० ला एनव्हिडिया ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, तर ४०९० ला ८५० वॅटचा. छोट्या आकारातला जास्त वॅटचा सप्लाय महाग पडतो. ती रक्कम कोटेशनमध्ये आधीच धरा.

सोपा मार्गही आहे. २०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या केससाठी 'एसएफएफ रेडी' हे माप ठरवलं. कार्ड जास्तीत जास्त ३०४ मिमी लांब, केबलच्या वळणासकट १५१ मिमी उंच आणि ५० मिमी जाड. कार्ड आणि केस दोन्ही या यादीत असतील, तर तुमचं निम्मं काम झालं. तरी रेडिएटरचं गणित तुम्हालाच करायचंय.

कधी गिऱ्हाईक स्वतःचं जुनं कार्ड घेऊन येतं. अशा वेळी बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका, टेप लावा. चारही मापं एका कागदावर लिहा, खाली त्याची सही घ्या आणि मगच ॲडव्हान्स. उद्या त्याने मनाने केस बदलली, तर बदलाचा खर्च कोणाचा, यावरून वाद होणार नाही.

आजचा होमवर्क : तुमच्या बाजारात सहज मिळणाऱ्या तीन छोट्या केस आणि पाच कार्डं निवडा. वहीत तक्ता करा, कोणतं कार्ड कुठे बसतं आणि किती मिमी उरतात. १० मिमीपेक्षा कमी उरत असेल, तिथे लाल खूण करा. ती जोडी प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय कोणालाही कबूल करू नका. हा तक्ता काउंटरवर ठेवा. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोन मिनिटांत पक्कं उत्तर देता आलं, की ते दुसऱ्या दुकानात विचारायला जात नाही.